बिअरच्या क्रेटखालचा लॅपटॉप

आमच्या गावात एका लॅपटॉपला तीन-तीन कॅमेरे जोडून तेहोचा, म्हणजे आमच्याकडच्या चकतीफेकीच्या खेळाचा, सामना साऱ्या जगाला दाखवणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो मी. हे माझं मलाच सांगावं लागतंय, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. क्लबच्या भिंतीवर फोटो पुष्कळ आहेत. जिंकलेल्या संघांचे आहेत, तीन पाद्रीबाबांचे आहेत, एका बैलाचाही आहे; त्या बैलाने काय पराक्रम केला होता ते आता कुणालाच आठवत नाही. माझा फोटो नाही. असो. मी भूगोलाचा निवृत्त मास्तर आहे, उपेक्षेची मला सवय आहे.

सुरुवात झाली युरानीच्या फोनने. युरानी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. बार्सेलोनाला एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करते, आणि दर रविवारी जेवणं झाली की फोन करते.

"पपा, आई फायनलला पोचली म्हणे?"

"पोचली म्हणजे काय! कप्तान आहे ती. पेद्रेगाल गावच्या बायकांशी गाठ आहे."

"मी तिला एकदाही फेकताना बघितलं नाहीये हो," ती म्हणाली.

खरंच होतं ते. युरानी इथे होती तेव्हा तेहोच्या कोर्टावर बायकांना जागा होती ती सूपच्या पातेल्यापाशी. ओतिलियाने, म्हणजे आमच्या बायकोने, तिथे वर्षानुवर्षं बटाटे सोलले, तेही कोर्टाकडे पाठ करून. मुलगी विमानात बसली, घर रिकामं झालं, आणि एक दिवस या बाईने हात पुसले, कुणाची तरी चकती उचलली आणि फेकली. पहिल्याच फेकीला मेचा फुटली. मेचा म्हणजे बारुदाची कागदी पुडी. चिखलात रोवलेल्या लोखंडी कड्याच्या काठावर अशा पुड्या ठेवलेल्या असतात, आणि चकती मारून त्या फोडायच्या. पुडी फुटली तेव्हा पुरुषमंडळी दचकली ती दचकलीच.

तर पोरीचं ते बोलणं मला सहन झालं नाही. पोट भरलेलं, छाती फुगलेली. मी म्हणालो, "बघशील. लाइव्ह बघशील. सगळं जग बघेल."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो सुमर्से, टीव्हीचा आवाज कमी करायला शेजारणीला हाक मारता तुम्ही. लाइव्ह म्हणे!"

सुमर्से म्हणजे 'सरकार'; आमच्याकडे आदराने असं म्हणतात, आणि टोमणा मारतानाही. पण बटाटा सोलणारा तिचा हात क्षणभर थांबला होता, ते मी पाहिलं. तिलाही ते हवं होतं. मेली तरी बोलणार नाही ती.

मोबाइल धरून दाखवायचं की, असं तुम्ही म्हणाल. ओतिलियाही तेच म्हणाली. पण तेहोच्या कोर्टाला दोन टोकं. दोन्हीकडे चिखलाची एकेक पेटी. सगळ्यांनी चर्चकडच्या टोकावरून नदीकडच्या पेटीत फेकायचं, मग बिअरचा घोट घेत रमतगमत नदीकडे जायचं आणि तिथून उलट चर्चकडे फेकायचं. मोबाइलवाल्याने काय या वयात मधल्यामध्ये पळत सुटायचं? म्हणून दोन टोकांना दोन कॅमेरे हवेत, हे मी कागदावर नकाशा काढून सिद्ध केलं. नकाशे मला चांगले जमतात.

कॅमेऱ्यांसाठी एल्पिदिओंकडे गेलो. एल्पिदिओ म्हणजे 'एल बुएन तोर्निल्यो' या हार्डवेअर दुकानाचे मालक, क्लबचे अध्यक्ष, आणि युरानीचे धर्मपिता. म्हणून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो. त्यांच्याकडे खिळ्यापासून शवपेटीच्या कड्यांपर्यंत सगळं मिळतं. त्यांनी माळ्यावरून धुळीने माखलेले तीन वेबकॅम काढले. एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे.

"न्या कोंपाद्रे, फुकट न्या. लॅपटॉपही माझा न्या. पण एक अट आहे. तिसरा कॅमेरा माझ्या दुकानाच्या पाटीवर रोखायचा."

ही पाटी चर्चकडच्या टोकाला, फेकणाऱ्यांच्या बरोब्बर मागे टांगलेली आहे. खेळाडू एका टोकाकडून दुसरीकडे चालत असताना पाटी दाखवायची, असं ठरलं. मी मनात म्हटलं, दोनाचे तीन झाले तर बिघडलं कुठे? इथेच माझं चुकलं.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. त्याला यूएसबीची भोकं दोनच. एकात इंटरनेटची काडी, म्हणून दुसऱ्यात एक चार तोंडांचा हब बसवला आणि तिन्ही कॅमेरे त्याला लावले. पहिल्या कॅमेऱ्यात आमची कोंबडी दिसली. स्वच्छ, सुंदर, पिसन् पीस मोजावं अशी! दुसऱ्यात अंधार. तिसऱ्यात अंधार, आणि वर सूचना, की उपकरण दुसऱ्याच्या वापरात आहे. अहो, कुणाच्या वापरात? घरात मी आणि कोंबडी! पहिला काढला की दुसरा चालायचा. दुसरा काढला की तिसरा. एकत्र म्हणाल तर नाव नको. शिवाय लॅपटॉप तिघांनाही एकाच नावाने ओळखायचा. यादीत तेच नाव तीनदा, आणि कुठला कोण ते निवडल्याशिवाय कळायचं नाही.

एव्हाना शेजारच्या दोन्या बेत्साबे, म्हणजे बेत्साबेबाई, भिंतीवरून डोकावल्या होत्या. यांना जुळी, नंतर पुन्हा जुळी. "मास्तर, तिघांना एका ताटात जेवायला बसवलंत तर भांडणारच की. थोरला सगळं खातो. त्याचा घास लहान करा. आणि आधी नावं ठेवा बाई त्यांची!" मी हसून सोडून दिलं. बाईंचं शिक्षण बेताचं.

एल्पिदिओंचं निदान वेगळं होतं. ते म्हणाले, भोकात ग्रीस हवं. त्यांच्या दुकानातून विकत घेतलेली कुठलीही वस्तू बिघडली की तिला ग्रीस हवं असतं.

मी मात्र शास्त्रीय पद्धतीने गेलो. लॅपटॉपशी भांडलो, त्याला चार वेळा बंद केला, एकदा 'हरामखोर' म्हणालो आणि आत्म्याला क्लेश झाले म्हणून परत सुरू केला. शेवटी डोक्यात प्रकाश पडला. तिन्ही कॅमेऱ्यांचं चित्र एकाच वाटेने आत येतं, आणि प्रत्येक जण मोठ्यात मोठं चित्र पाठवण्यासाठी सगळी वाट अडवून बसतो. मी प्रत्येकाचं चित्र लहान केलं. कोंबडीची पिसं जरा पुसट झाली, पण तीन खिडक्यांत तीन कोंबड्या दिसू लागल्या. मी ओरडलोच! थोरल्याचा घास लहान करा, म्हणजे हेच की, हे मला मागाहून कळलं; पण ते मी भिंतीपलीकडे अजून सांगितलेलं नाही.

नावांचंही केलं. ओतिलियाच्या नखं रंगवायच्या तीन बाटल्या घेतल्या. नदीकडच्या कॅमेऱ्याच्या वायरीला लाल ठिपका, चर्चकडच्याला गुलाबी, पाटीवाल्याला मोतिया. हबच्या तोंडांवरही तेच ठिपके. लाल लालमध्ये, गुलाबी गुलाबीमध्ये. जागा बदलली नाही की लॅपटॉपही गोंधळत नाही.

"माझ्या बाटल्या?" ओतिलियाने विचारलं.

"विज्ञानाच्या कामी आल्या."

"विज्ञानाला सांगा, नवीन आणून दे."

मग वीज. तीन कॅमेऱ्यांचं ओझं हबला फार वेळ पेलेना, त्याला स्वतःची वीज हवी, म्हणजे कोर्टावर वायर ओढायची, म्हणजे नगरपालिका. खिडकीत सेन्योरिता मिर्याम होत्या. मीच यांना आंदीज पर्वत शिकवला.

"सामन्यात बारूद किती वापरणार, मास्तर?"

"शे-दोनशे पुड्या."

"त्याला परवानगी लागत नाही, तो वारसा आहे. आणि वायर?"

"एक लांबशी आहे."

"अगं बाई!" त्यांनी पेनच खाली ठेवलं. "वायर म्हणजे आगीचा धोका. अग्निशमनचा दाखला आणा."

अग्निशमनचा माणूस आला. त्याने वायर हुंगली, वाकवली, तिच्याकडे एक डोळा मिटून बघितलं. मग जवळच्या एका खोक्यावर ऐसपैस बसून त्याने वायरीच्या धोक्याविषयी अहवाल लिहिला. ते खोकं मेचांचं होतं. मी काही बोललो नाही, कारण सही व्हायची होती.

शेवटची अडचण वायरीच्या लांबीची. कॅमेऱ्याची वायर फार लांब केली की चित्र मरतं, त्यामुळे लॅपटॉप कोर्टाच्या मधोमध, कडेच्या भिंतीला टेकून ठेवावा लागला. आणि लॅपटॉप तिथे म्हणजे मीही तिथे. एल्पिदिओंनी बिअरच्या रिकाम्या क्रेटची भिंत रचली, वर एक क्रेट छपरासारखं ठेवलं आणि म्हणाले, "आत शिरा कोंपाद्रे. भिऊ नका, आपल्या बायकांचा नेम चांगला आहे."

"आणि पेद्रेगालच्या बायकांचा?"

"त्यांचं मी कसं सांगू?"

तर फायनलच्या दुपारी, तीस वर्षं पोरांना पृथ्वीची परिभ्रमणं शिकवलेला हा माणूस क्रेटच्या भिंतीआड पालथा पडून होता, आणि येता-जाता लोक "मास्तर, आत बिअर आहे का?" असं विचारत होते. पण तिन्ही चित्रं चालू होती! बघणाऱ्यांचा आकडा वाढत होता. आमचं गाव, पेद्रेगाल, बोगोताला गेलेली पोरं, आणि बार्सेलोनाहून युरानी. ओतिलिया निळा शर्ट घालून आली तेव्हा मी क्रेटमधून हात काढून हलवला. ती न हसता म्हणाली, "दिसतंय का तिला?"

"चकाचक," मी म्हणालो.

सामना सुरू झाला. नदीकडे फेक, मी लाल. चर्चकडे फेक, मी गुलाबी. मधल्या चालण्यात मोतिया, म्हणजे पाटी. माझी बोटं पियानोवर चालावीत तशी चालत होती. मेचा फुटत होत्या, धूर होत होता, आणि मी मनाशी म्हणत होतो, आर्सेनिओ, तुझं आयुष्य शाळेत वाया गेलं.

मग मी लघवीला गेलो. माणूस आहे, जावं लागतं. परत आलो तर एल्पिदिओ माझ्या क्रेटमध्ये ओणवे, हातात फडकं. "भोकांत धूळ होती कोंपाद्रे. सगळ्या वायरी काढल्या, पुसल्या, इवलंसं ग्रीस लावलं आणि एका ओळीत नीट लावून दिल्या. उगाच रंगीबेरंगी दिसत होतं."

मी काही म्हणायच्या आत पेद्रेगालची पहिली बाई फेकायला उभी राहिली. फेक चर्चकडे, मी गुलाबी दाबलं. पडद्यावर नदीकडचा चिखल, निवांत, रिकामा. तेवढ्यात धडाम्! मेचा फुटल्याचा आवाज आला आणि चित्रातला चिखल ढिम्म. खाली लोकांनी लिहायला सुरुवात केली. 'तुमच्याकडे मेचा भुतं फोडतात काय?' 'चकती कुठंय? फसवणूक!' पेद्रेगालच्या एकाने लिहिलं, 'मास्तरला नदी आणि चर्च यांतला फरक कळत नाही, आणि हा भूगोल शिकवायचा.'

हे मला लागलं. अजून लागतं. मी पटापट लाल लालमध्ये, गुलाबी गुलाबीमध्ये केलं, चित्रं जागेवर आली, आणि मी घाम पुसत त्या लिहिलेल्या ओळी चाळू लागलो. शिव्यांच्या मधोमध युरानीची ओळ होती.

'पपा, नुसता चिखलच दिसतोय. आई कुठंय?'

मी ती ओळ दोनदा वाचली. आता काय सांगू तुम्हाला! आमच्याकडे तेहो बघायचा म्हणजे चिखल बघायचा. फेकणाऱ्याकडे कोण बघतो? गेल्या सात पिढ्यांत कुणी बघितलेलं नाही. मी नकाशा काढला, कॅमेरे लावले, वायरी रंगवल्या, आणि माझ्या पोरीला तिची आई दाखवायचं तेवढं राहून गेलं. ना मला सुचलं, ना गावातल्या कुणाला. तिला दिसत होता ओला चिखल, आणि त्यात कुठून तरी येऊन रुतणाऱ्या चकत्या.

पाटीवाला मोतिया कॅमेरा! पाटीपुढेच तर ओतिलिया उभी राहते. मी बोट पुढे केलं, आणि तेवढ्यात एल्पिदिओ, "आता चित्रं बरोबर येतायत ना?" असं विचारायला वाकले. हातातली बिअर त्यांच्याआधी वाकली. हबने 'चर्र' असा आवाज केला आणि प्राण सोडला.

आता एकच भोक उरलं. एका वेळी एकच कॅमेरा, तोही लॅपटॉपला थेट लावायचा. "चिखल!" एल्पिदिओ ओरडले. "कोंपाद्रे, पाटी राहू द्या, मला पाटी नको! फक्त चिखल दाखवा!" त्यांनी केवढा त्याग केला ते मला कळत होतं. मी प्रत्येक फेरीला वायर उपसत होतो, दुसरी खुपसत होतो, प्रत्येक वेळी चित्र यायला उशीर होत होता आणि प्रत्येक वेळी पेद्रेगालवाले माझ्या आईचा उद्धार करत होते. चिखल सोडायची माझी छाती होईना. चारशे माणसं बघत होती हो!

असं करता करता शेवटची फेरी आली. फेक नदीकडे. पेद्रेगालच्या सगळ्या बायकांचं फेकून झालं, आमच्याही बायकांचं झालं. आम्ही दोन गुणांनी मागे. उरली एक चकती, ओतिलियाची. मेचा फुटली तर तीन गुण, आणि कप आमच्या गावाला. बायकांचा पहिला कप.

लोक बिअर खाली ठेवून पुढे सरकले. लाल वायर लॅपटॉपमध्ये होती. पडद्यावर नदीकडचा चिखल, कडं, आणि काठावर उरलेली एकच पुडी. सगळा जिल्हा त्या पुडीकडे डोळे लावून बसला होता. मी क्रेटच्या फटीतून ओतिलियाकडे पाहिलं. ती चकतीवरचा चिखल शर्टाला पुसत होती. तिने एकदा माझ्या क्रेटकडे बघितलं.

मी लाल वायर उपसली.

"काय करताय?" एल्पिदिओ किंचाळले. "मास्तर, वेड लागलं का? चिखल!"

मोतिया आत. पडदा काळा. काळाच. ग्रीस, मेलं ते ग्रीस! मी वायरीचं टोक तोंडात धरून पुसलं, पुन्हा खुपसलं. ओतिलियाने एक पाय मागे घेतला. चित्र आलं. पाटी, 'एल बुएन तोर्निल्यो', आणि पाटीपुढे माझी बायको.

तिने फेकली.

ती चकती कशी गेली ते मला विचारू नका, मीही पडद्याकडेच बघत होतो. धडाम् आवाज झाला आणि मग असा काही आरडाओरडा उठला की माझ्या डोक्यावरचं क्रेट खाली आलं. चकती थेट कड्याच्या आत जाऊन बसली होती आणि जाता जाता तिने मेचा फोडली होती. याला आम्ही मोन्योना म्हणतो. तीन नव्हे, नऊ गुण! पुरुषांच्या फायनलमध्येसुद्धा अशी फेक कुणाच्या ऐकिवात नाही. गावातली सगळ्यात मोठी फेक, आणि ती पडताना चारशे माणसांपैकी एकालाही दिसली नाही. त्यांना दिसली एक बाई आणि हार्डवेअरचं दुकान.

अध्यक्ष म्हणून एल्पिदिओंनी मला जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. इतिहास बुडवला, गावाचं नाक कापलं, पुरावा नाही, पेद्रेगालवाले आता जन्मभर 'खोटं' म्हणतील, वगैरे. मग त्यांनी दम घेतला आणि दुकानदार म्हणून हळूच विचारलं, "पाटी पूर्ण दिसत होती ना?" ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत, पण पाटीवर मात्र नवा दिवा लावला.

त्या गोंधळातच फोन वाजला. ओतिलिया खांद्यांवर बायकांचे हात, केसांत बिअर अशी आली आणि तिने माझ्या हातातून फोन हिसकावला.

"युरानी! बघितलीस का गं? मेचा कशी फुटली ती बघितलीस?"

पलीकडून आधी नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"नाही गं आई. मेचा नाही दिसली. ती फुटली तेव्हा तू दिसलीस."

 ओतिलियाने फोन कानाशी तसाच दाबून धरला, मान खाली घातली, आणि दुसऱ्या हाताने चाचपडत माझ्या शर्टाची बाही पकडली. सगळं कोर्ट नाचत होतं, कुणीतरी ओरडत होतं की मास्तरला नदीत टाका. आम्ही दोघं क्रेटच्या ढिगाऱ्यात तसेच उभे होतो आणि तिने माझी बाही काही सोडली नाही.